शिडाचा मदतनीस धनी कसा झाला? मासेमारी नौकेवरील इंजिनाचा इतिहास (धागा)

१/२०
लाकडी नौकेला पाण्याखालच्या भागात भोक पाडावे, असे कोणत्याही नाखव्याच्या मनात येणार नाही. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यास सातपाटी, वसई, वर्सोवा या किनाऱ्यावरील नाखव्यांनी आपल्या नौकांच्या मागच्या लाकडातून आरपार भोक पाडून घेतले. त्यातून लोखंडी दांडा बाहेर आला आणि दांड्याच्या टोकाला पंखा बसला. हे यंत्र शिडाच्या मदतीला म्हणून आले होते. एका पिढीत शीडच खाली उतरले. हा धागा त्या मदतनिसाच्या निवडीचा, बसवणीचा आणि त्यासाठी मोजाव्या लागलेल्या किमतीचा आहे.

२/२०
आधी दोन शब्दांतील घोळ दूर करणे आवश्यक आहे. ‘ट्रॉलिंग’ म्हणजे पिशवीसारखे मोठे जाळे समुद्रतळावरून किंवा पाण्यातून ओढणे. ‘ट्रोलिंग’ म्हणजे संथ चालणाऱ्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत नेणे. पहिल्याला प्रचंड ताकद लागते. दुसऱ्याला कमी वेग आणि शांतता. समाजमाध्यमांवरील ‘ट्रोल’ या क्रियापदाचे मूळही या गळाच्या मासेमारीत असल्याचे सांगितले जाते. साहाय्यक इंजिनाच्या इतिहासात हे दोन्ही शब्द येतात, आणि त्यांच्यातील फरकावरच पुढचा सारा वाद उभा आहे.

३/२०
जालना जिल्ह्यातील केदारखेड्याच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. गाव पूर्णेकाठचे, समुद्र सह्याद्रीपलीकडे. पण याच भोकरदन परिसरातील प्राचीन भोगवर्धनाचा व्यापार सातवाहनकाळी दूरदेशांशी जोडलेला होता. भारहूत आणि सांचीच्या दानलेखांत भोगवर्धनाच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. त्याच काळातील यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले दिसते. म्हणजे शिडाची सत्ता किमान दोन हजार वर्षांची. ती मोडायला तीन-चार दशके पुरली.

४/२०
शिडाच्या काळातील मासेमारी समजून घ्यायची तर उत्तर कोकणातील डोल जाळे पाहावे. हे शंकूच्या आकाराचे भले मोठे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधतात. जाळे जागचे हलत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह बोंबील, जवळा, कोळंबी त्याच्या तोंडात आणून टाकतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील पाण्याचा फरक चार मीटरांहून अधिक असतो. म्हणून उधाणाला जाळे भरते आणि भांगाला प्रवाह मंदावतो. मासे पकडण्याचे काम चंद्र करीत असे. माणसाचे काम होते वेळेवर पोहोचण्याचे आणि वेळेवर परतण्याचे.

५/२०
अडचण नेमकी या वेळेची होती. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडायचे आणि दुपारच्या समुद्री वाऱ्यावर घरी यायचे, असा क्रम बसलेला होता. वारा पडला की खलाशांच्या हाती वल्हे आले. प्रवाह उलटला की तासन् तास नांगर टाकून बसावे लागे. इकडे नौकेतला मासा उन्हात नरम पडत जाई. बोंबलासारखा पाण्याने भरलेला मासा तर फारच लवकर खराब होतो. त्यामुळे मोठा हिस्सा किनाऱ्यावरच्या वलांडींवर वाळवला जाई. ताज्या मासळीला भाव होता; पण तो भाव वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता.

६/२०
नौकेला यंत्र लावण्याचे प्रयोग जगात आधीच सुरू झाले होते, आणि त्यांतला एक महत्त्वाचा प्रवाह विजेचा होता. १८३८ मध्ये मोरित्झ याकोबी याने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर बॅटरीवर चालणारी नौका चालवून दाखवली. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे याने पॅरिसमध्ये सेन नदीवर विद्युत नौका चालवली. तिच्यात मोटार, पंखा आणि सुकाणू हे तिन्ही एकाच सुट्या जोडणीत होते. ती जोडणी उचलून दुसऱ्या होडीला लावता येई. आजच्या आउटबोर्ड मोटारीची कल्पना तिथे पूर्ण रूपात दिसते. अडले ते बॅटरीच्या वजनापाशी.

७/२०
मासेमारीत बाजी मारली ती तेलावर चालणाऱ्या इंजिनाने. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियातील शिडाच्या मासेमारी नौकांत साहाय्यक इंजिने बसू लागली. जपानमध्ये १९०६ साली ‘फुजी मारू’ ही इंजिन असलेली मासेमारी नौका समुद्रात उतरली. १९०९ मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने होडीच्या पाठीमागे अडकवायची पेट्रोल मोटार बाजारात आणली. सुरुवातीच्या काळात, विशेषतः मोठ्या नौकांवर, शीड काढून टाकण्याचा विचार नव्हता. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा इंजिन, अशी विभागणी होती. ‘साहाय्यक’ हा शब्द त्या वेळी अगदी खरा होता.

८/२०
मुंबई सरकारने पहिला मोठा प्रयोग मात्र दुसऱ्या टोकाला केला. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ हे वाफेवर चालणारे ट्रॉलर जहाज मुंबईजवळच्या समुद्रात मासेमारीसाठी उतरवले गेले. मासळीची ठिकाणे शोधण्यास त्याचा उपयोग झाला, पण प्रयोग पुढे चालू राहिला नाही. कोळीवाड्यांतल्या शेकडो नौका तशाच शिडावर चालत राहिल्या. यातून पुढच्या तीन दशकांसाठी एक प्रश्न शिल्लक राहिला: नवे जहाज आणून त्यासाठी नवे मच्छीमार घडवायचे, की आहे त्या मच्छीमाराच्या आहे त्या नौकेत यंत्र घालायचे?

९/२०
स्वातंत्र्यानंतर दोन्ही वाटा एकाच वेळी चोखाळल्या गेल्या. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे सरकारी केंद्र स्थापन झाले होते. १९५२ च्या करारानुसार केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आला आणि नींदकरा परिसरात नव्या घडणीच्या यांत्रिक नौका बांधल्या जाऊ लागल्या. मुंबई आणि सौराष्ट्राने मात्र मुख्यतः जुन्या देशी नौकांतच इंजिन बसवण्याचा मार्ग धरला. पंचवार्षिक योजनांतून मिळालेली कर्जे आणि अनुदाने, अमेरिकी तांत्रिक साहाय्यातून आलेली इंजिने आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांनी त्याला बळ दिले.

१०/२०
हा फरक नौकेच्या अंगकाठीमुळे पडला. दक्षिणेच्या लाटांच्या किनाऱ्यावर लाकडे बांधून केलेले कट्टुमरम आणि एकाच खोडात कोरलेली होडी चालत असे. त्यांत जड इंजिन ठेवायला जागा नव्हती आणि कणाही नव्हता. उत्तर कोकणातील मचवा व गलबत या फळ्यांच्या नौका होत्या: खोल, रुंद, मजबूत कण्याच्या आणि वाकांच्या. डोल जाळ्याचे ओझे, खुंट आणि डझनभर माणसे वाहण्यासाठी त्या बांधलेल्या होत्या. सातपाटीची भरदार अंगाची नौका तर इंजिनासाठी विशेष सोयीची ठरली. शतकानुशतके बोंबलासाठी घडवलेला आकार इंजिनाच्याही उपयोगी पडला.

११/२०
मग प्रश्न आला निवडीचा. किती अश्वशक्ती घ्यावी? येथे पाण्याचा एक नियम आडवा येतो. पाणी कापत जाणारी जड नौका आपल्या लांबीच्या प्रमाणातच वेग घेऊ शकते. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नॉटमधील मर्यादा मिळते. ३६ फुटांना सुमारे ८ नॉट, २५ फुटांना सुमारे ६.७ नॉट. त्यापुढे इंजिन दुप्पट केले तरी वेग थोडाच वाढतो. नौकेचा मागचा भाग पाण्यात बसतो, लाट मोठी होते आणि तेल जळते. म्हणून साहाय्यक इंजिन लहानच असणे शहाणपणाचे होते.

१२/२०
दुसरी निवड इंधनाची. पेट्रोल इंजिन हलके, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती नौकेच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडकते. डिझेल इंजिन जड आणि महाग, पण तेल स्वस्त आणि आगीचा धोका कमी. निवड डिझेलच्या बाजूने झाली. याच दशकांत महाराष्ट्राच्या शेतातही डिझेल इंजिन शिरत होते. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. मराठवाड्यातल्या विहिरीवरची मोट आणि कोकणातल्या नौकेवरचे शीड यांना एकाच जातीच्या यंत्राने निवृत्त केले.

१३/२०
बसवणी हे सुताराचे आणि मिस्त्रीचे सामाईक काम होते. इंजिन थेट फळ्यांवर ठेवले तर त्याच्या थरथरीने सांधे उघडतात. म्हणून कण्याच्या दोन्ही अंगांना लांब, जाड लाकडी तुळया बसवून वजन अनेक वाकांवर वाटले जाई. मग मागच्या खांबातून नेमक्या उतारावर भोक पाडायचे, त्यात धातूची नळी बसवायची आणि नळीतून शाफ्ट बाहेर न्यायचा. शाफ्ट फिरता राहावा पण पाणी आत येऊ नये, यासाठी शेतातल्या पंपाला वापरतात तशी चरबी लावलेली ग्लँड दोरी दाबून भरली जाई. ती फार घट्ट झाली तर शाफ्ट तापतो, सैल राहिली तर नौका भरते.

१४/२०
सर्वांत नाजूक काम इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याचे. किनाऱ्यावर टेकलेली लाकडी नौका आणि पाण्यात तरंगणारी नौका यांचा आकार किंचित वेगळा असतो. लाकूड पाणी पिऊन फुगते, कणा थोडा वाकतो. जमिनीवर अचूक जुळवलेली रेषा पाण्यात बिघडते. म्हणून अंतिम जुळवणी नौका तरंगत असतानाच करावी लागते. पंख्याला फिरायला जागा हवी, त्यासाठी मागचा खांब आणि सुकाणू कापून खिडकी करावी लागे. पंख्याचेही गणित वेगळे: जड नौकेला मोठ्या व्यासाचा, हळू फिरणारा पंखा मानवतो, लहान व वेगवान पंखा पाणी नुसते घुसळतो.

१५/२०
या कामाला पुस्तकी शिक्षण पुरेसे नव्हते, आणि परंपरेने आलेले ज्ञानही पुरेसे नव्हते. वारा, तारे आणि प्रवाह ओळखणाऱ्या तांडेलाला आता इंजिनाच्या आवाजातला फरकही ओळखावा लागला. सरकारने किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची प्रशिक्षण केंद्रे काढली. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था स्थापन झाली. दुसरीकडे शीड शिवणारे, परभाण घडवणारे आणि वाऱ्याचे बारकावे जाणणारे हात हळूहळू बिनकामाचे झाले. त्यांच्या ज्ञानाची नोंद फार थोड्यांनी केली. ते लिखाणात उतरण्याआधीच वापरातून गेले.

१६/२०
यंत्राने हिशेबही बदलला. शिडाच्या नौकेवर मिळकतीचे वाटे होत: काही नौकेचे, काही जाळ्याचे, उरलेले माणसांचे. वारा फुकट होता. इंजिन आल्यावर वाटे पडण्याआधीच डिझेल, बर्फ आणि कर्जाचा हप्ता बाजूला काढावा लागला. सहकारी संस्थांनी हे ओझे काही प्रमाणात वाटून घेतले. सातपाटीच्या संस्था त्यासाठीच नावाजल्या. पण ज्याला कर्ज मिळाले तो नाखवा राहिला आणि ज्याला मिळाले नाही तो दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी झाला. मासळी गावच्या किनाऱ्याऐवजी ससून डॉक, भाऊचा धक्का अशा मोठ्या बंदरांत उतरू लागली. गावातच मासळी ताब्यात घेऊन विकणाऱ्या कोळणीला आता लिलावात व्यापाऱ्याशी बोली लावावी लागली.

१७/२०
येथवर इंजिन मदतनीसच होते: त्याने माणसाला डोल जाळ्यापर्यंत नेले आणि परत आणले. १९६० आणि १९७० च्या दशकांत कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, आणि ती तळाशी राहणारी कोळंबी मिळवण्यासाठी ट्रॉल जाळे पसरले. आता इंजिनच जाळे ओढू लागले. प्रवासासाठी निवडलेले लहान इंजिन या कामाला अपुरे ठरले. मोठे इंजिन, मोठे कर्ज, ते फेडायला जास्त फेऱ्या, असा फेरा सुरू झाला. चंद्राच्या गतीने चालणारी मासेमारी हप्त्याच्या तारखेने चालू लागली. शीड याच काळात नौकेवरून उतरले.

१८/२०
संघर्ष अटळ होता. गोव्यात किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या रापणकारांनी १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. मतान्ही साल्ढाणा हे त्याचे प्रमुख नेते होते. त्यातून देशभरातील पारंपरिक मच्छीमारांचे संघटन आकारास आले. गोव्याने १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. मालवण किनाऱ्यावर हाच वाद पुढे पर्ससीन जाळ्यांवरून पेटला आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने त्यांवर निर्बंध घातले. गंमत अशी की दरम्यान रापणकारांच्या होड्यांनाही आउटबोर्ड मोटारी लागल्या. म्हणजे भांडण केवळ यंत्र असण्याचे नव्हते. कोणते यंत्र, कोणत्या जाळ्यासाठी, किती खोल पाण्यात आणि कोणाच्या मालकीचे, हा मुद्दा होता.

१९/२०
दरम्यान विजेची जुनी कल्पना अमेरिकेच्या तळ्यांवर परतली. १९३४ मध्ये नॉर्थ डाकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट याने मोटारगाडीच्या स्टार्टर मोटारीला दांडा आणि पंखा जोडून गळाच्या मासेमारीसाठी ट्रोलिंग मोटार तयार केली. तिचे नियम सोपे आहेत. जोर लादलेल्या होडीच्या वजनाच्या किमान दोन टक्के हवा: ५०० किलोला सुमारे १० किलो, म्हणजे २२ पौंड, वारा असेल तर अधिक. पंखा पाण्याखाली पूर्ण बुडेल इतका दांडा लांब हवा. पुढे बसवलेली मोटार होडीला ओढते आणि दिशा नेमकी राहते. मागे बसवलेली ढकलते. ५० अँपिअर ओढणारी मोटार १०० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर दोन तासांत संपवते, प्रत्यक्षात त्याआधीच. म्हणून बॅटरी जड असते, आणि तिची जागा होडीचा तोल पाहून ठरवावी लागते.

२०/२०
केदारखेड्यावरून गेलेले पूर्णेचे पाणी पुढे येलदरीच्या जलाशयात साठते. गोदावरीवर १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीचा नाथसागर आहे. या जलाशयांवर आजही वल्ह्याच्या होड्या आणि हलके तराफे दिसतात. भोई आणि कोळी मच्छीमारांना अंतर कापायचे आहे, पण पाणी गावांच्या पिण्याचे आहे, तेथे तेलाचा तवंग नको. संथ वेग, आवाज नाही, धूर नाही, लहान होडी: ट्रोलिंग मोटारीचे गुण येथे जुळतात. पण तिची किंमत, बॅटरीचे आयुष्य आणि चार्जिंगची सोय हे प्रश्न सातपाटीच्या नाखव्याने १९५० च्या दशकात विचारलेल्या प्रश्नांहून फार वेगळे नाहीत. मोटार नेमकी कशासाठी हवी, तिचा हप्ता कोण फेडणार आणि उद्या ती आपल्या मासेमारीची पद्धतच बदलणार का, हे विकत घेण्याआधी ठरवावे लागते. कोकणच्या किनाऱ्यावर यांतला तिसरा प्रश्न विचारायचा राहिला. जलाशयांवर तो विचारायला अजून वेळ आहे.

(धागा समाप्त)